धक्का आणि मेहनत

रविवार, २ मार्च

ऋतुराज आज परत आलता. हा संयोगिताचा मावसभाऊ. हायवेला त्याचं हॉटेल आहे आणि त्याला माझी पद्मिनी पाहिजे. चालवायला नव्हे. हॉटेलच्या दारात उभी करायची, बॉनेट आणि इंजिन काढून टाकायचं आणि त्या जागी स्टीलची भांडी बसवून सॅलडचं काउंटर करायचं, अशी त्याची योजना आहे.

"दाजी, गिऱ्हाईक येणार, गाडीसंगं फोटू काढणार, काकडी उचलणार, आत जाणार. नुसती गर्दी बघा तुम्ही."

मी त्याला सांगितलं, ही शोभेची वस्तू नाही. एकोणऐंशी सालची गाडी आहे आणि मी हिच्यातून रोज पेठ वडगावला माझ्या चष्म्याच्या दुकानात जातो.

"जातासा की. पण निघताना पैलवान लागत्यात."

संयोगिता चहा घेऊन आली ती हसतच. बायकोनं अशा वेळी हसू नये.

वस्तुस्थिती लिहून ठेवतो. गाडी माझ्याकडे आल्यापासून एकाही मेस्त्रीनं तिच्या बॉनेटखाली हात घातलेला नाही. जे शिकलो ते खोलून आणि परत जोडून शिकलो. दिवाळीपासून एकच दोष शिल्लक आहे. सकाळी दारात सेल्फ लागत नाही. किल्ली फिरवली की 'टक्' असा आवाज येतो आणि संपलं. धक्का दिला की मात्र लगेच इंजिन धरतं. संध्याकाळी वडगावातून निघताना हाच सेल्फ एका झटक्यात लागतो. म्हणजे दोष गाडीत नसून सकाळीत आहे.

समोर तालीम असल्यानं तशी अडचण होत नाही. वस्ताद सयाजी पोरं घेऊन येतात आणि गाडी ढकलून देतात. ही पोरं इतकी सेवाभावी आहेत की मी किल्ली फिरवायच्या आधीच डिकीला हात लावून उभी असतात.

ऋतुराज गेल्यावर संयोगितानं निकाल दिला. "होळीपर्यंत काय खोलायचं ते खोला. होळीनंतर पाडव्यापर्यंत एकदा जरी धक्का मारायला लागला, तर गाडी ऋतुराजच्या दारात. आणि पाडव्याला नवी गाडी. चार्जिंगची."

मी मान्य म्हणालो. गल्लीत ही अट कुणाला सांगायची नाही, असंही बजावलं. उगाच बोभाटा नको.

मंगळवार, ४ मार्च

नवी बॅटरी बसवली. प्लग काढून लेन्स पुसायच्या कापडानं साफ केले, पॉइंट घासले. सकाळी टक्.

आज पृथ्वीराजनं एकट्यानं ढकलली. वस्तादांचा हा लाडका पैलवान. मान कुठं संपते आणि डोकं कुठं सुरू होतं ते मला अजून समजलेलं नाही, आणि मी रोज माणसांच्या चेहऱ्याची मापं घेतो. इंजिन धरलं की तो एकदम हात सोडून बाजूला होतो, तळवे झाडतो आणि म्हणतो, "बरं काका, या." एकोणतीस तारखेला गडमुडशिंगीच्या मैदानात त्याची मोठी कुस्ती आहे.

वस्ताद त्याची पोटरी दाबून बघत म्हणाले, "हंबीरराव, तुमची गाडी म्हंजी देवमाणूस हाय." गाडीला माणूस म्हणणारा मला हा पहिलाच भेटला. भरून आलं.

तालमीत माती मळायचं काम चाललं होतं. ताक, लिंबं, हळद आणि गोडेतेल घालून माती कालवतात. वास थेट आमच्या स्वयंपाकघरात.

शुक्रवार, ७ मार्च

शोध लागला.

बॅटरीचं अर्थिंगचं टर्मिनल मी रोज संध्याकाळी वडगावातून निघण्यापूर्वी पान्यानं आवळतो. सकाळी बघावं तर डुगडुगतंय. सैल जोडातून प्लगला पुरेल एवढा करंट येतो, सेल्फला पुरत नाही. म्हणून टक्. आणि म्हणून धक्क्यावर सुरू. इथपर्यंत कुणीही हुशार माणूस येईल. प्रश्न असा, की सैल होतं कशानं? माणसाच्या हाताची शक्यता मी तपासली. पान्यानं आवळलेला तो नट मी बोटांनी सोडवून पाहिला. नख मोडलं, नट हलला नाही. माणसाच्या बोटांत ती ताकदच नाही. म्हणजे कारण नैसर्गिक आहे.

दुसरी नोंद याहून महत्त्वाची. टर्मिनलवर तांबडी भुकटी साठते. बॅटरीला पांढरा-हिरवट गंज धरतो हे सगळ्यांना माहीत आहे. तांबडा मी आजवर पाहिला नव्हता. बोटावर घेऊन वास घेतला. ताक, लिंबू, हळद, किंचित तेल. जिभेला लावली. आंबट. या प्रकाराला मी 'हळदी गंज' असं नाव दिलं आणि जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर फोटोसह सविस्तर लिहिलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं. विषय त्यांच्या आवाक्याबाहेरचा असावा.

ड्रायव्हरच्या बाजूची त्रिकोणी काचही सकाळी उघडी सापडते. हवेचा दाब.

सोमवार, १० मार्च

संयोगिता म्हणाली, "पहाटं खाली गाडीपाशी काय तर खुडबुड हुतीया."

मी तिला समजावलं, की पहाटेच्या गारव्यानं पत्रा आकसतो. आकसताना आवाज करतो.

"पत्रा खोकतो पण व्हय?"

खोकण्याचा मी विचार केलेला नव्हता. अजून करतो आहे. ती मात्र कूस बदलून हसत होती. तिला पाडवा दिसत असणार.

बुधवार, १२ मार्च

उद्या होळी. आज सकाळीही टक्. अर्थिंगला मी तांब्याची जादा तार वेणी घालून जोडली आहे. हा शेवटचा उपाय.

संध्याकाळी ऋतुराज मापं घ्यायला टेप घेऊन हजर. मी हातही लावू दिला नसता, पण शब्द दिलाय म्हणून बॉनेट उघडलं. तो माझ्या इंजिनावर वाकून मोठ्यानं बोलत होता.

"हितं काकडी. हितं गाजर. कार्बोरेटर काढला की टोमॅटो बसतोय बघा, मापातच हाय. बॅटरीच्या जागी बीट."

मी कापडानं कार्बोरेटर पुसून घेतला.

संयोगिता दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "आणि आतल्या सीटांचं काय?"

"काढायच्या, ताई. ही डावीकडची काढली की खरकट्याची बादली अगदी फिट बसती."

"डावीकडची."

"व्हय. वास बाहेर येणार न्हाय, दार हाय न्हवं."

डावीकडच्या सीटवर तीच बसायची. कव्हरही तिनंच शिवलेलं. ती आत गेली. ऋतुराजला चहा विचारला नाही. विसरली असणार.

गुरुवार, १३ मार्च, होळी

पहाटे संयोगिता खिडकीतून कुणावर तरी ओरडत होती. मला झोपेत 'काकडी', 'टोमॅटो' आणि 'मग काय बीट ढकलत बसणार काय?' एवढंच ऐकू आलं. मी विचारलं, कोण होतं?

"भाजीवाला."

इतक्या पहाटे भाजीवाला येत नाही, हे नोंदवून ठेवतो.

साडेआठला किल्ली फिरवली. लागला! पहिल्या झटक्याला! तांब्याच्या वेणीनं काम केलं. टर्मिनल घट्ट, त्रिकोणी काच बंद, गंजाचा मागमूस नाही. आज ढकलायला कुणी आलंही नव्हतं. वस्ताद आणि पोरं तालमीच्या दारात ओळीनं खाली माना घालून उभी होती, एखाद्याच्या मयतीला आल्यासारखी. मी खिडकीतून हात हलवला. कुणी बघितलं नाही.

संयोगिताला विचारलं, "बघितलंस?"

"बघितलं की. लई हुशार हाईसा."

मंगळवार, १८ मार्च

रोज सेल्फवर सुरू. ग्रुपवर तांब्याच्या वेणीची आकृती टाकली.

संध्याकाळी वस्ताद पृथ्वीराजला घेऊन घरी आले. पोरगं दहा दिवस उपाशी असल्यासारखं दिसत होतं. वस्ताद बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत बसले.

"हंबीरराव, पोराची मेहनत बंद पडली."

पैलवान व्यायामाला मेहनत म्हणतात. मी म्हणालो, "जोर-बैठका काढू देत की."

"काढतोय. दोर चढतोय. पण पायात ती गाडीवाली ताकद न्हाय."

"मग दुसऱ्या कुणाची तरी ढकला."

"समद्यांच्या सेल्फवर लागत्यात, काका," पृथ्वीराज म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

"आणि दुसरी अडचण वायलीच," वस्ताद म्हणाले. "ह्येला इंजान धरल्याचा आवाज आल्याबिगर सोडायचं कळंना झालंय. परवा जोडीदाराला ढकलाय लागला ते तालमीतनं भाईर काढून पार बिंदू चौकापतूर न्हेला. सिग्नलला बी थांबला न्हाय."

मी नाइलाजानं अट सांगितली. पाडव्यापर्यंत एक धक्का बसला तरी गाडी जाणार.

"ठाऊक हाय की," पृथ्वीराज म्हणाला. वस्तादांनी त्याला कोपर मारलं. त्याला कुठून ठाऊक, ते विचारायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात संयोगिता बाहेर आली.

वस्ताद उठून उभे राहिले. "वैनी, एक शब्द बोलू? धक्का कशाला म्हणायचं? बंद पडल्याली गाडी ढकलली तर धक्का. बरोबर? आता गाडी चालू हाय, धनधाकट हाय, आपणच बंद केली, आणि ढकलली. ही झाली मेहनत. ह्यात गाडीचा कमीपणा काय?"

मला हा मुद्दा मान्य होता. शब्द नीट वापरणारी माणसं कमी राहिली आहेत.

संयोगितानं पदर खोचला. "आदुगर सेल्फ मारून दाखवायचा. मी खिडकीत असणार. मग बंद करा आणि मग तुमची काय मेहनत हाय ती करा. खरं बंद पडल्यावर हात लावलासा तर धक्का. मग मी ऐकायची न्हाय."

"कबूल," आम्ही तिघंही म्हणालो.

शनिवार, २२ मार्च

नवीन क्रम असा. किल्ली फिरवून इंजिन सुरू करायचं, वर बघायचं, संयोगिता मान हलवते, इंजिन बंद करायचं, मग पृथ्वीराज गाडी ढकलत गल्लीला दोन फेऱ्या घालतो आणि शेवटी गिअरमध्ये टाकून मी इंजिन धरू देतो. तो हात सोडतो, तळवे झाडतो, "बरं काका, या."

गाडी इतकी उत्तम स्थितीत कधीच नव्हती. आणि लोकांनी ती ढकललेली इतकी कधी पाहिली नव्हती.

"पावणं, बॅटरी गेली व्हय?" रस्त्यानं जाणारा एक जण.

"गाडी चालू आहे."

"मग ढकलालाय कशाला?"

"चालू आहे म्हणून."

त्यानं पृथ्वीराजकडं बघून डोक्याशी बोट फिरवलं. पृथ्वीराजनं मान डोलावली. मला सगळं आरशात दिसतं.

शेवटी मागच्या काचेवर पाटी लावली: 'गाडी सुस्थितीत आहे. ढकलणे ही मेहनत आहे.' आज दुपारी अक्काताई मगदूम चष्मा न्यायला दुकानात आल्या. चष्मा लावला, काढला, परत लावला.

"हंबीर, तुजी चालती गाडी लोकं ढकलत्यात म्हणं?"

"व्यायामासाठी, अक्काताई."

"नंबर तरी नीट घातलाईस न्हवं?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नंबरावर कुणी शंका घेतली. गाडी थांबवून सगळ्यांना समजावून सांगावंसं वाटतं. पण मग पृथ्वीराजची लय तुटते.

शनिवार, २९ मार्च

कानात अजून गुलाल आहे. क्रम चुकायला नको म्हणून आजच लिहितो.

वस्तादांच्या आग्रहावरून गाडी गडमुडशिंगीच्या मैदानात थेट आखाड्याच्या कडेला लावली. इंजिनाचा आवाज आल्याशिवाय पृथ्वीराज सुटत नाही, तेव्हा तो योग्य क्षणी मी द्यायचा. खूण ठरली. वस्ताद टोपी काढतील तेव्हा सेल्फ.

पंचांनी विचारलं, "ही गाडी कशाला हितं?"

"ॲम्ब्युलन्स हाय," वस्ताद म्हणाले.

पंचांनी गाडीकडं बघितलं, पाटी वाचली. "कुणासाठी?"

संयोगिता शेजारणीबरोबर एसटीनं आली होती. कुस्ती बघायला नव्हे, माझ्यावर नजर ठेवायला, असं तिनं स्वच्छ सांगितलं. पाडवा उद्यावर आला होता. गर्दीत ऋतुराजही होता. त्यानं लांबूनच हातानं काकडी चिरल्याची खूण केली.

समोरचा पैलवान पृथ्वीराजपेक्षा डोक्यानं उंच. हलगी सुरू झाली. दोघं कपाळाला कपाळ लावून, मानेवर हात टाकून भिडले आणि ढकलाढकली सुरू झाली. हा इकडं, तो तिकडं. समोरचा पैलवान लाल झाला होता. पृथ्वीराजचा चेहरा मात्र शांत, रोज सकाळी डिकीशी असतो तसा. लोक शिट्ट्या मारायला लागले. निवेदक म्हणाला, "कुस्ती लावा, पैलवान, घर बांधायला आलाय काय?" मी किल्लीवर हात ठेवून वस्तादांकडं बघत होतो. पापणीसुद्धा लवू दिली नाही.

वस्तादांनी टोपी काढली. (नंतर ते म्हणाले, घाम पुसायला काढलेली. आता या म्हणण्याला अर्थ नाही.)

मी सेल्फ मारला. एका झटक्यात इंजिन धरलं आणि मी जोरात रेस केली.

त्याच क्षणी पृथ्वीराजनं हात सोडले. बाजूला झाला. तळवे झाडले. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बरं काका, या."

समोरचा पैलवान सगळा जीव लावून त्याच्यावर रेलला होता. रेलायला आता काही नव्हतं. तो हात पसरून लाकडासारखा पुढं गेला आणि तोंडावर आपटला. हलगी थांबली. पंच नुसते बघत राहिले. पृथ्वीराज मला टाटा करत होता.

"अरं गाडी न्हवं ती!" वस्ताद ओरडले. "उताणा कर! उताणा कर त्येला!"

पृथ्वीराज भानावर आला, माघारी फिरला आणि एका हातानं त्याला उलटा केला. चितपट!

यानंतरचं मला सलग आठवत नाही. पृथ्वीराज लोकांच्या खांद्यावर होता. कुणीतरी मलाही गाडीतून ओढून काढलं. "आणि गाडीवाले हंबीरराव साळोखे!" असं निवेदक म्हणाला. इंजिन बंद करून मी फेटा बांधून घेतला. आयुष्यात पहिला.

परत गाडीत बसलो ते हवेतच. उत्साहाच्या भरात ॲक्सिलेटर दाबत राहिलो. सात-आठ वेळा तरी दाबला असेन. इतकं पेट्रोल गेलं की वास सुटला. सेल्फ मारला, फिरला, इंजिन धरलं नाही. परत मारला. परत. बॅटरी बसत गेली आणि शेवटी आला तो आवाज. टक्. चूक गाडीची नव्हती, माझी होती. हे इथं स्पष्ट लिहितो.

ऋतुराज खिडकीत आला. "दाजी, टोचन लावू? हॉटेल जवळच हाय."

लोक बाजूला झाले आणि संयोगिता पुढं आली.

"बंद पडली?"

"बंद पडली."

वस्ताद मध्ये आले. "वैनी, पोरांची आज जरा मेहनत ऱ्हायलीया, तवा म्हटलं..."

पोरं डिकीपाशी पोहोचलीसुद्धा होती. मी खाली उतरलो. फेटा काढून हातात घेतला. बोललो नसतो तरी चाललं असतं, हे मला त्या वेळीही कळत होतं.

"वस्ताद, नको. बंद पडलेल्या गाडीला मारतात तो धक्का. व्याख्या तुमचीच आहे."

चुकीचा नंबर घालून मी आजवर एकही चष्मा विकलेला नाही. शब्दाचंही तसंच. गाडीच्या टपावर हात टेकवून उभा राहिलो. ऋतुराज टोचनाची दोरी आणायला वळला.

संयोगितानं माझ्याकडं बघितलं. मग डावीकडचं दार उघडून आत बसली. ते दार जरा उचलून ओढल्याशिवाय लागत नाही. तिनं उचलून ओढलं. आरसा स्वतःकडं फिरवला आणि गुलालात बुडालेली टिकली बोटानं पुसून नीट लावायला लागली.

"अवं, बसा की," ती म्हणाली. "ऊन लागालंय."

"अगं, पण धक्का..."

"मला मागचं काय दिसत न्हाय. मागं कोण काय करालंय मला काय म्हाईत? ऋतुराज, दोरी ठेव ती. आणि बादली तुझ्या काउंटरखाली ठेव."

मी बसलो. गाडी हलली. दोघांच्या वजनानं असेल, पण नेहमीपेक्षा जास्त हात लागले असावेत, सगळं मैदान ढकलत असल्यासारखा आवाज येत होता. इंजिन धरलं. मागून "बरं काका, या" ऐकू आलं.

"कोण बोललं?" मी विचारलं.

"भाजीवाला," संयोगिता म्हणाली.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. गाडी मिळणार नाही, असा फोन ऋतुराजला संयोगितानंच केला. मी चार्जिंगच्या गाडीचं विचारलं. "ती घ्यायचीच हाय. पुढच्या पाडव्याला बघू." हळदी गंज परत आलेला नाही. त्यावर एक लेख लिहायचा आहे.

दुपारी तिला जोतिबाच्या वाटेवर फिरवून आणलं. सेल्फवर गेलो, सेल्फवर आलो. आरसा अजून तिच्याकडंच वळलेला आहे. मी तो हलवलेला नाही. मागून कोण येतंय, ते मान वळवून बघतो.